मालनच्या डब्याचे सुभेदार

मसाल्याच्या पाकिटांना 'सावधान' म्हणणारा माणूस तुम्ही पाहिलाय का? मी रोज पाहतो. सकाळी अकराच्या ठोक्याला, माझ्याच दुकानाच्या कट्ट्यावर.

सुभेदार तात्या आमच्या गल्लीतले. फौजेतून निवृत्त झालेले, साठी ओलांडलेले, अंगाने काटक. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, चकचकीत काळे बूट आणि बगलेत पुठ्ठ्याचं खोकं अशा थाटात ते येतात. खोक्यातून कांदा-लसूण मसाल्याची पाकिटं बाहेर पडतात आणि कट्ट्यावर तीन-तीनच्या रांगेत उभी राहतात. तात्या तीन पावलं मागे सरकतात, मान तिरकी करून रांग तपासतात आणि ओरडतात, "मधला, पोट आत घे!" मग स्वतःच पुढे होऊन मधल्या पाकिटाचं पोट बोटाने आत ढकलतात. "शाबास. आता हिलायचं न्हाई कुनी."

एवढं झालं की हा गृहस्थ भर रस्त्यात पालथा झोपतो. खरंच सांगतो, पोटावर. दोन्ही कोपरं जमिनीला, पाय फाकवलेले, फोन डोळ्यांसमोर, एक डोळा मिटलेला. रिक्षा थांबतात, मोटारसायकली वळसा घालून जातात. एकदा तर उसाने लादलेली ट्रॉली हॉर्न न वाजवता उभी होती, कारण तात्यांनी श्वास रोखून धरलाय हे ड्रायव्हरलाही कळलं होतं. फोटो निघाला की तात्या कपडे झटकत उठतात आणि मला शिकवतात, "बापू, ट्रिगर दाबायचा असतोय, वढायचा न्हाई. वढला की फोटू हालतोय."

बापू म्हणजे मी. कराडात आमचा डंक आहे. तिखट कांडायचं यंत्र असतं ना, लोखंडी मुसळं एका ओळीत वर-खाली होत खालच्या उखळांत आपटतात, त्याला आमच्याकडे डंक म्हणतात. वडिलांनी टाकला, मी चालवतो. फाल्गुन-चैत्रात दारात बायकांची रांग लागते. उन्हात वाळवलेली मिरची, भाजलेलं खोबरं, धने, तीळ, तळलेला कांदा, सोललेला लसूण असा सगळा ऐवज पिशव्या भरभरून येतो आणि लालभडक मसाला होऊन परत जातो.

तात्यांचा मसालासुद्धा माझ्याच डंकावर कांडला जातो. उखळ माझं, मुसळ माझं, शिंका माझ्या आणि नाव त्यांचं. आता सांगा, माणसाने जळू नये तर काय करावं?

त्यांचं फोनमध्ये फोटोचं पान आहे. त्याचं नाव 'मालनचा डबा'. मालनवहिनी म्हणजे तात्यांच्या मंडळी. तीन वर्षांमागे वारल्या. पानाच्या माथ्यावर गोल चौकटीत फोटो आहे तो एका पोचे पडलेल्या, कडांना गंज धरलेल्या पत्र्याच्या डब्याचा. धंद्याच्या तोंडावर असला भंगारातला डबा कोणी लावतं का? पण लोकांना तोही आवडतो. पुण्यापासून बेळगावपर्यंतची माणसं ते पान बघतात, लाल बदाम पाठवतात, मसाला मागवतात.

आणि फोटोखालचा मजकूर! बाकीचे लोक 'घरगुती', 'चविष्ट', 'आजच मागवा' असलं काहीतरी लिहितात. तात्यांचा रोजचा अहवाल असतो. "आजची हजेरी. मिरची हजर. खोबरं हजर. धने हजर. लसूण उशिरा आला, समज देण्यात आली. हिंग रजेवर. बाकी सर्व कुशल." लोक हे वाचून खुळे झाले. एक दिवस लसूण वेळेवर आला तर शंभर जणांनी लसणाचं अभिनंदन केलं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मलाही हसू आलं होतं, पण मी ते मिरचीच्या ठसक्यावर घालवलं.

माझा सगळ्यात जास्त जळफळाट कशावर असेल तर त्या पांढऱ्या रुमालावर. तात्या महिन्या-दोन महिन्यांनी थोडाथोडा माल कांडायला आणतात, आणि कायम सकाळी सातचा पहिला नंबर धरतात. का? तर रात्री धुऊन वाळवलेलं उखळ त्यांनाच मिळावं म्हणून. येतात ते बॅटरी घेऊन. उखळात वाकून बॅटरी मारतात, आतून पांढराशुभ्र रुमाल फिरवतात आणि उजेडात धरून बघतात. रुमालावर लाल ठिपका दिसला की, "बापू, परत." मी परत पुसतो. असं तीन-तीनदा. शेवटी रुमाल कोरा निघाला की त्या रुमालाचा फोटो! खाली बायांची रीघ: "किती ही स्वच्छता!" "तात्या, तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून विश्वासाने खातो." अहो, पुसलं कोणी? त्या फोटोत एकदा डाव्या कोपऱ्यात माझं कोपर आलं होतं, तेवढीच माझी प्रसिद्धी.

बायको म्हणाली, "तुमी पन काडा की पान. धंदा तुमचाच न्हवं?" काढलं. तीन दिवस डंकाचे फोटो टाकले. आत अंधार, वर मिरचीची धूळ, त्यामुळे मुसळं ओळखू येईनात. बायकोला ती तुरुंगाच्या गजांसारखी वाटली. एकूण सात बदाम पडले. त्यातला एक माझ्या मेहुण्याचा, एक फोनची कव्हरं विकणाऱ्याचा. प्रतिक्रिया एकच आली, ती मला पाठ आहे: "सुभेदारांचा मसाला मिळतो ते ठिकाण हेच का?" मी पान बंद केलं.

आता हे सगळं बाजूला ठेवा, कारण मूळ गोष्ट मलाच जास्त टोचते. तात्यांना हा मसाला सांगितला कोणी? मी.

डॉक्टरला घराघरातले आजार ठाऊक असतात, तसे डंकवाल्याला घराघरातले मसाले ठाऊक असतात. कोण किती खोबरं घालतं, कोणाच्या लसणाची काटकसर असते, कोण शेजारणीला 'काय न्हाई गं, नुसतं तिखट-मीठ' म्हणून सांगते आणि पिशवीत खसखस लपवून आणते, सगळं मला दिसतं. पण एकीचं दुसरीला सांगायचं नाही, हा वडिलांनी घालून दिलेला नियम. आजवर तो एकदाच मोडला. मालनवहिनींचं चौदावं उरकलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी तात्या डायरी आणि पेन घेऊन माझ्यासमोर उभे राहिले. उभ्या हयातीत ते डंकावर पहिल्यांदा आले होते. नोकरीत असताना सीमेवर, निवृत्तीनंतर पुण्यात एका बँकेच्या दारावर बंदूक घेऊन. घरी राहायला आले ते वहिनींची अगदी शेवटची दोन-तीन वर्षं.

"हिनं दरसाल काय काय आनलं, किती आनलं, समदं सांग," ते म्हणाले. "मला तिचा मसाला पायजे. हुबेहूब."

बायकोचा मसाला नवऱ्याला सांगायला काय हरकत, असा विचार करून मी सगळं सांगितलं. त्यांनी कोठारातल्या सामानाची यादी करावी तसे आकडे घालून लिहून घेतलं. पुढे चार-सहा महिन्यांत ते फोटो सुरू झाले तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. म्हटलं, बापू, गड्या, तुझ्या तोंडून म्हाताऱ्याने धंदा काढून घेतला!

त्यांचं आणखी एक नाटक असे. म्हणजे मला ते नाटक वाटे. घाणा निघाला, म्हणजे एका वेळचा माल कांडून झाला, की तात्या शर्टाच्या खिशातून कागदात बांधलेला भाकरीचा तुकडा काढत. त्यावर चिमूटभर ताजा मसाला. डोळे मिटून चावत. मग डायरीत घाण्याचा नंबर टाकत आणि म्हणत, "अजून बसलं न्हाई."

पहिल्या घाण्याला म्हणाले, पाचव्याला म्हणाले, दहाव्याला म्हणाले. इकडे पाकिटं हातोहात जातायत आणि हे म्हणतात बसलं न्हाई! मी मनात म्हणे, असं बोललं की माणूस मोठा वाटतो, दुसरं काय.

मग गेल्या चैत्रात एक गोष्ट घडली, आणि ती सांगताना मला लाज वाटते.

गल्लीच्या टोकाला मुल्लाणी चाची राहतात. वर्षातून एकदा, चैत्रात, त्यांची मिरची माझ्याकडे येते. त्यांच्या मसाल्यात शहाजिरं, वेलदोडा आणि जायपत्री सढळ हाताने असते, त्यामुळे त्यांचा घाणा चालू असला की रस्त्यावरून जाणारा माणूससुद्धा थबकतो. त्या दिवशी चाचींचं कांडून झालं, त्या गेल्या, आणि मागे एक बाई नंबरला होत्या. त्यांनी उखळात वाकून बघितलं आणि तोंड वाकडं केलं. "अगोदरच्यांचं तिखट राहिलंय तळाला. नीट पुसून घ्या हं." ते रास्तच आहे. उखळाच्या बुडाला मूठभर तरी राहतंच, आणि दुसऱ्याचं आपल्यात नको असं बहुतेकींना वाटतं. मी फडकं घालून पुसू लागलो. शहाजिऱ्याचा वास नाकात शिरला आणि एकदम मालनवहिनी आठवल्या.

वहिनी दरवर्षी आधी निरोप धाडायच्या, "भाऊजी, चाचींचा नंबर कवा हाय? त्येंच्या मागं मला धरा." आणि मी फडकं उचललं की अडवायच्या. "ऱ्हाऊ द्या की. चाचीचा वास फुकट मिळतोय, पुसता कशाला?" चाचीही तशाच. आपला मसाला भरून घेताना मुद्दाम एक मूठ तळाला सोडायच्या आणि मला डोळ्याने खुणवायच्या. दोघी मग पदर तोंडाला लावून शिंकत-हसत बसायच्या. किती वर्षं चाललं होतं हे! तात्यांना मी वहिनींनी आणलेलं सगळं सांगितलं होतं. ही मूठ त्यांनी आणलेली नव्हती, म्हणून ती यादीत आलीच नाही. आणि तात्या तर पहिला नंबर धरून, रुमाल फिरवून, उखळ आरशासारखं करून कांडत होते. कसं बसणार?

मी फडकं टाकलं आणि सांगायला बाहेर धावलो. अगदी खरं सांगतो, धावलो. तात्या कट्ट्यावर होते. त्यांच्या दोन्ही बाजूंना पुण्याहून आलेलं एक जोडपं फोटोसाठी उभं होतं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात त्यातली मुलगी गोड आवाजात म्हणाली, "काका, जरा बाजूला होता का? तुम्ही मध्ये येताय."

माझा कट्टा. माझ्या बापाने बांधलेला कट्टा. मी बाजूला झालो, आत आलो आणि जे सांगायचं होतं ते गिळून टाकलं.

गिळलं तरी पचलं नाही. त्याच संध्याकाळी मी खोट्या नावाने नवं पान काढलं. नाव घेतलं 'तिखट सत्य'. तात्यांच्या फोटोखाली लिहिलं, "पूर्वीची चव राहिली नाही." एवढंच. वाटलं, म्हातारा चिडेल, काहीतरी वेडंवाकडं लिहील, लोकांना जरा कळेल. पाच मिनिटांत उत्तर आलं.

"जय हिंद. आपले म्हणणे अगदी बरोबर आहे. पूर्वीची म्हणजे कधीची? आपण ती चव कुठे खाल्ली? कृपया संपर्क साधावा. वाट पाहत आहे."

मी घाबरून फोन धन्याच्या पोत्यात खुपसला.

दुसऱ्या दिवशी अकराला तात्या फोटो काढून आत आले ते थेट माझ्यासमोर. डोळ्यांत वेगळीच चमक. "बापू, कोन असंल रं त्यो? त्येला जुनी चव ठावं हाय. त्यो गावायला पायजे." मी म्हटलं, "आवं तात्या, असतेत रिकामटेकडे. सोडा." पण ते कसले सोडतायत! त्या दिवसापासून रोजच्या अहवालात शेवटची ओळ वाढली: "'तिखट सत्य' यांनी जेथे असतील तेथून हजर व्हावे." मिरची हजर, खोबरं हजर, तिखट सत्य गैरहजर. लोकही तपासाला लागले. कोणी म्हणे तो सांगलीचा आहे, कोणी म्हणे मसाल्याच्या मोठ्या कारखान्याचा माणूस आहे. उन्हाळा गेला, पावसाळा गेला. मी रोज ती ओळ वाचत होतो आणि रोज ठरवत होतो, की आज नको, उद्या बघू.

थंडीत एक दिवस दुपारी वीज गेली होती, डंक बंद होता, म्हणून मी दारात बसलो होतो. डोक्याला मफलर गुंडाळलेला एक वयस्क माणूस तात्यांचं घर विचारत आला. तात्या डोळे तपासायला मिरजेला गेले होते. मी त्याला बसवलं, चहा सांगितला. कोयनानगरच्या वरच्या अंगाचा होता, घाट उतरून आला होता. तात्यांच्या पलटणीत नाईक होता.

त्याने पिशवीतून मसाल्याचं पाकीट काढलं. त्याच्याबरोबर एक छापील कार्ड होतं. मी वाचलं. "घाणा नंबर चौदा. डब्यातली चव हीच आहे काय? होय / नाही. खूण करून परत पाठवणे." 'नाही'वर खूण केलेली होती.

"पोस्टानं धाडाय जीव हुईना," तो म्हणाला. "चौदा येळा न्हाई म्हनलं, मालक. म्हनलं ह्या खेपंला सोता जावं, साहेबांच्या म्होरं बसून सांगावं."

मी विचारलं, "कसला डबा?"

तेव्हा मला कळलं. वर बर्फात ही मंडळी असायची तेव्हा दरसाल सुट्टीवरून परतणाऱ्या कोणाच्या तरी हाती मालनवहिनींचा मसाल्याचा डबा यायचा. डबा उघडला की तात्या चमचा घेऊन बसायचे आणि प्रत्येकाला एकेक चमचा द्यायचे. मोजून, रांगेत, सगळ्यांना सारखा. स्वतः शेवटी. "कवा कवा साहेबांच्या वाटनीला काय उरायचंच न्हाई," नाईक म्हणाला. "मग ते चपाती डब्याच्या आतनं फिरवायचे आनि तळ पुसून खायाचे. आमी बघायचो."

"आनि साहेब लय कमी बोलनारं. वैनीस्नी पत्र धाडायचं तर काय? 'डबा पोचला. सर्व कुशल.' बास. मसाला ग्वाड हुता का, कसा हुता, एक अक्षर न्हाई. आता म्हनत्यात, उभ्या जन्मात तिला एकदा सुदीक सांगितलं न्हाई रं. आता तिच्या हातची चव करून दाखवायची, मगच सुटका. पर एकट्याच्या जिभंवर त्येंचा भरोसा न्हाई. साक्षीदार पायजेत म्हनत्यात. आमचं कुनाचं पत्तं त्येंच्याकडं न्हवतं, म्हनून तर आमच्या नातवंडांच्या फोनात दिसनारं ते फोटूचं सुरू केलं. त्यो पोचा पडल्याला डबा बगून आमी एकेक जन वळकून गोळा झालो."

पुण्या-बेळगावची गिऱ्हाइकं नंतर आपोआप आली होती. मी तीन वर्षं ज्याच्यावर जळत होतो तो धंदा नव्हताच. वीज आली, डंक सुरू करायला हवा होता, पण मला उठवेना. नाईकाने जाताना विचारलं, "खोटं 'व्हय' लिवलं असतं तर बरं झालं असतं का, मालक?"

घरी जेवताना बायकोला म्हटलं, "मी गेल्यावर तू माझी कसली आठवण काढशील?" ती म्हणाली, "आधी घरातली मिरचीची धूळ झाडीन, मग बगू." आणि थोड्या वेळाने म्हणाली, "का वो? आज काय झालं?" तिला सगळं सांगितलं. 'तिखट सत्य'सुद्धा. तिने माझ्या ताटात भाजी वाढली नाही, नुसती कढई माझ्यासमोर सरकवली.

पण सांगून लगेच उपयोग नव्हता. चाचींचा घाणा वर्षातून एकदाच, आणि मूठ ताजी, उखळाच्या तळातलीच हवी. चैत्रापर्यंत थांबणं भाग होतं, आणि ते दिवस मला जड गेले.

यंदा मी नंबर स्वतः लावले. चाचींना साडेनऊ, त्यांच्यामागे तात्या. तात्या कुरकुरले, "पयला नंबर का न्हाई?" मी म्हटलं, मोटर दुरुस्तीला आहे. चाची रिक्षातून आल्या, आता गुडघ्यांनी थकल्यात. घाणा झाला, आमची सबंध गल्ली शहाजिऱ्याने भरून गेली. त्या मसाला डब्यात भरून घेत होत्या तेवढ्यात दारात तात्या आले. हातात बॅटरी, बोटांत पांढरा रुमाल, बगलेत ते खोकं, पायाशी मालाची पिशवी.

"आता कुनाचा नंबर, बापू?" चाचींनी विचारलं.

"तात्यांचा."

चाचींनी तात्यांकडे बघितलं, मग उखळाकडे. "म्हंजे मालनचाच की," असं म्हणून त्यांनी भरलेल्या डब्यातून एक मूठ उचलली आणि परत उखळात सोडली.

तात्या बॅटरी घेऊन वाकायला लागले. मी मध्ये उभा राहिलो. "तात्या, रुमाल खिशात ठेवा. आज पुसायचं न्हाई." आणि मी सांगितलं. वहिनी नंबर कसा धरायच्या, फडकं कसं अडवायच्या, तळाची मूठ, सगळं. चाची मान हलवत होत्या. तात्या ताठ उभे होते, बूट जुळवून.

"आनि 'तिखट सत्य' मीच," मी म्हटलं.

तात्यांची मान माझ्याकडे वळली. "ही मुठीची गोष्ट कवापासनं आठवतीया तुला?"

"गेल्या चैत्रापासनं."

"मग सांगितलं का न्हाईस?"

"जळत हुतो तात्या. तुमच्यावर."

एवढे दिवस मी त्यांच्या ओरडण्याची वाट बघत होतो. ते ओरडले नाहीत. हळू आवाजात म्हणाले, "वरीस घालवलंस रं माजं." मग रुमालाची घडी करून खिशात ठेवली. "शिक्षा मिळंल. आधी डंक चालू कर."

मुसळं आपटायला लागली. घाणा निघाला. तात्यांनी खिशातून भाकरीचा तुकडा काढला, वर चिमूटभर मसाला टाकला आणि डोळे मिटले. मी डायरीकडे बघत होतो, 'अजून बसलं न्हाई' ऐकायच्या तयारीने. ते चावत राहिले. खूप वेळ चावत राहिले. मग भिंतीकडे तोंड केलं आणि म्हणाले,

"डबा पोचला."

आवाज इतका बारीक होता की मला वाटलं, मला भास झाला. पण चाचींनीही ऐकलं असावं. त्यांनी पदर डोळ्यांना लावला आणि माझ्या मिरचीला नावं ठेवली.

तेवढ्यात तात्यांच्या फोनचा गजर वाजला. अकरा. त्यांनी तो बंद केला आणि फोन पालथा ठेवला. त्या दिवशी पानावर फोटो आला नाही. दोनशे लोकांनी विचारलं, तात्या बरे आहेत ना? तात्यांनी खोक्याच्या तळातून तो गंजका, पोचे पडलेला डबा काढला, त्यात मसाला दाबून भरला आणि झाकण लावलं. मागे नंबरला एक नवी सूनबाई होती. ती म्हणाली, "ह्यांचं तळाचं पुसून द्या हं." वर्षानुवर्षांच्या सवयीने माझा हात फडक्याकडे गेला. तात्यांनी माझं मनगट धरलं.

"मूठभर ऱ्हाऊ दे, पोरी," ते तिला म्हणाले. "वाईट लागनार न्हाई."

पोरीने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा चाचींकडे, आणि आपली मिरची तशीच उखळात ओतली.

नाईकाचं कार्ड आठ दिवसांत आलं. त्याने 'होय'वर इतक्या जोराने खूण केली होती की कार्ड फाटलं होतं. माझी शिक्षा मात्र अजून जाहीर झालेली नाही. मी विचारलेलंही नाही. रोज अकराला तात्या कट्ट्यावर पाकिटं उभी करतात, तेव्हा मीही रांगेच्या टोकाला जाऊन पोट आत घेऊन उभा राहतो.